पेन्नेच्या घळीतले दोन दिवस

नारायणगुड्यात सीताफळांच्या टोपल्या आल्या. शाळेतून निवृत्त होऊन मला वर्ष झालं, तरी आठवड्यातून एकदा जुन्या वाटेने मी तिकडे जातेच. काल गेले तेव्हा शाळेच्या कोपऱ्यावर त्या मांडलेल्या दिसल्या. टोपलीवाली प्रत्येक फळ बोटांनी किंचित दाबून विचारत होती, "अम्मा, आज के वास्ते दूँ, के कल के?" आम्हा हैदराबादकरांना हिवाळा म्हणावा असा हिवाळा नाहीच. पण पाऊस सरल्यावर, दसरा होऊन दिवाळी यायच्या आधी, पंधरा-वीस दिवस असे येतात की दुपारचं ऊनही अंगावर घ्यावंसं वाटतं. गच्चीतले कपडे संध्याकाळी काढताना हाताला गार लागतात. रात्री पंखा एकवर आणावा लागतो आणि पायाशी पडलेली चादर पहाटे कधी खांद्यावर आली ते कळत नाही.

तीन वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत आम्ही पेन्ना नदीच्या घळीत उतरलो होतो. तेव्हापासून हा मोसम माझ्यापुरता त्या घळीचाच झाला आहे.

आम्ही म्हणजे मी आणि माधव. आमच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. मी छप्पन्न वर्षांची, ते एकसष्टचे. माझे पहिले यजमान अनंत जाऊन नऊ वर्षं झाली होती. माधवच्या पत्नी वसुधाबाई जाऊन सात. आमची ओळख मराठी वाचनालयात झाली. दर रविवारी फाटलेल्या पुस्तकांना पुठ्ठे घालायचं काम आम्हा दोघांकडे होतं. ते भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. मी शाळेत भूगोल शिकवणारी. नकाशांवरून सुरू झालेल्या गप्पा खळ वाळून जाईपर्यंत चालायच्या. माझी मुलगी मृदुला बंगळूरहून आली, दोन रविवार तिने हे पाहिलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही दोघं इतकं बोलता, मग प्रॉब्लेम काय आहे? जस्ट गेट मॅरिड ना!"

आम्ही नोंदणी कचेरीत जाऊन लग्न केलं. आणि गंमत अशी की इतकं बोलणारे आम्ही, लग्न झाल्यावर गप्प झालो.

भांडण नव्हतं, नाराजी नव्हती. उलट चांगुलपणाचा अतिरेक होता. मी मलकपेठच्या त्यांच्या घरी राहायला गेले. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर वसुधाबाईंच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. जिरे, मोहरी, गोडा मसाला. मी डबा वापरून पुन्हा जिथल्या तिथे, चिठ्ठी समोर येईल असा ठेवायची. माधव माझ्या पुस्तकांना हात लावण्यापूर्वी विचारायचे. मी दार लोटून घेतलं की ते बाहेरूनच खाकरायचे. दोघंही एकमेकांच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे वागत होतो, आणि पाहुणा कितीही आवडता असला तरी तो जाईपर्यंत घराला पाठ टेकता येत नाही.

सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे त्यांना हाक काय मारायची. "अहो" हा शब्द माझ्या तोंडात होता, पण तो अनंतचा होता. तो दुसऱ्या कुणासाठी वापरणं मला चोरीसारखं वाटे. "ऐकलंत का" हेही त्याचंच. वाचनालयात मी त्यांना "देशपांडे" म्हणायची, ते आता कसं म्हणणार? म्हणून मी हाकच मारत नसे. जवळ जायची, भांडं जरा जोरात ठेवायची आणि भिंतीकडे बघून म्हणायची, "चहा झालाय." त्यांचीही तीच तऱ्हा. लग्नाआधी "शालिनीताई" म्हणायचे. त्यातली ताई गळाली आणि तिच्या जागी काय घालावं ते न सुचल्यामुळे "शालिनी" म्हणून थोडं थांबून ते हैदराबादी "जी" जोडायचे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. हिमायतनगरचा माझा जुना फ्लॅट भाड्याने दिलेला होता. ते भाडेकरू डिसेंबरात जाणार होते. मी एजंटाला फोन करून सांगून ठेवलं, की इतक्यात नवे भाडेकरू बघू नका, कदाचित मलाच लागेल. सोडून जायचंय असं मी ठरवलं नव्हतं, पण जायला एक दार उघडं असावं असं मला वाटू लागलं होतं.

अशातच एका बुधवारी माझी एक चप्पल हरवली. एकच, उजव्या पायाची. मी पलंगाखाली, गच्चीत, अगदी कुंड्यांच्या मागेही शोधली. माधवही माझ्याबरोबर वाकून वाकून शोधत होते. शुक्रवारी संध्याकाळी ती चप्पल आणि एक नवं खोकं माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "मापाला नेली होती. सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता." खोक्यात कॅनव्हासचे निळे बूट होते. "उद्या सकाळी सहाला निघायचंय. दोन दिवसांचे कपडे घ्या. कुठे ते विचारू नका."

मी काही विचारलं नाही. पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. खरं सांगायचं तर मनात आनंदापेक्षा धास्ती जास्त होती. कर्नूलचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना कापसाची शेतं सुरू झाली, तेव्हा मला राहवलं नाही.

"जिथे चाललोय तिथे तुम्ही पूर्वी... दोघं गेला होतात का?"

त्यांनी समोरच बघत सांगितलं, "नाही. तिथे मी पहिल्यांदाच जातोय." मग गाडीचा गिअर बदलत म्हणाले, "मुद्दाम तशीच जागा शोधली."

दुपारी आम्ही गंडीकोट्याला पोचलो. किल्ल्याच्या दरवाजातून आत गेलं की आधी एक लहानसं गाव लागतं. मग मोठी मशीद, धान्याचं जुनं कोठार, पडकं देऊळ. तोपर्यंत काही विशेष वाटत नाही. दगडांवरून शंभरेक पावलं चाललो आणि माधव म्हणाले, "आता बघा."

पायाखालची जमीन संपली होती. खाली, खूप खाली, हिरव्या पाण्याची नदी वळण घेऊन पडली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना तांबूस खडकाच्या भिंती उभ्या होत्या. एकावर एक चौकोनी ठोकळे रचावेत तशा. थरावर थर, थरावर थर. तीस वर्षं मी फळ्यावर घळ काढत आले. दोन उभ्या रेषा, मध्ये एक नागमोडी रेष, बाजूला बाण आणि "नदीचे खननकार्य." वर्गात मी किती सहज म्हणायची, नदी खडक कापते! मुली ते वहीत लिहून घ्यायच्या आणि मी फळा पुसायची. ते कापणं म्हणजे काय असतं, हे मला त्या दुपारी कळलं. पाण्यासारख्या मऊ वस्तूने, दुसरं काहीही न करता, केवळ रोज तिथून जात राहून हे केलं होतं.

मी बोलायला लागले. हे थर कसे बसले, हा खडक रेतीचा, तो वरचा कठीण म्हणून छज्ज्यासारखा राहिला, नदीला इथे वळण का घ्यावं लागलं. वाचनालयातल्या रविवारासारखी मी बोलत राहिले. माधव एका दगडावर बसून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी मुलांसारखा हात वर केला. "बाई, हे व्हायला वेळ किती लागला?"

"लाखो वर्षं."

"म्हणजे नदीला घाई नव्हती," ते म्हणाले.

मी हसले, पण रात्रभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. नदीला घाई नव्हती, कारण तिला वेळ होता. आम्हाला कुठे होता? पंचविशीतलं लग्न चुकतमाकत, आपटत, रुळत जातं. कोपरे झिजायला पुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं. साठीच्या उंबरठ्यावर दोन पुरते घडून गेलेले दगड शेजारी ठेवले, तर ते एकमेकांना लागायचे कधी? ह्या विचाराचं उत्तर मला आजही नीट येत नाही. एवढंच कळलंय, की जपून जपून वागल्याने काहीच झिजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घळीत उतरायला निघालो. वर चहाची टपरी चालवणाऱ्या बाईने आमचे पांढरे केस पाहून हातातली पळी हलवली. "राळ्ळु जारतायि! जाग्रत्ता!" दगड सरकतात, जपून. माधवनी तिला तेलुगूतून भरवसा दिला आणि आम्ही उतरू लागलो. वाट अशी नव्हतीच. घराएवढे, बैलाएवढे, पोत्याएवढे दगड, त्यांच्यामधल्या फटी, फटींतून उगवलेली काटेरी झुडपं. कुठे बसून घसरायचं, कुठे हात टेकून वळायचं. पायांत ते निळे बूट अगदी नेमके बसले होते. खाली पोचायला दीड तास लागला. पाण्याच्या कडेने मग आम्ही वळणाच्या दिशेने चालू लागलो. वर बघितलं तर आकाशाची एक निळी पट्टीच तेवढी उरली होती. दगडाला हात लावला तर सावलीतला गार, उन्हातला कोमट. एक खंड्या पाण्यावरून सरळ रेघ ओढल्यासारखा गेला.

वळणापाशी मोठाले खडक आडवे आले. माधव म्हणाले, "तुम्ही इथेच बसा. पुढे वाट आहे का बघून येतो. पाच मिनिटांत आलो."

मी बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली.

अनंतसुद्धा असंच म्हणाला होता. हिमायतनगरच्या घराच्या जिन्यात उभा राहून. "कोथिंबीर विसरली वाटतं, पाच मिनिटांत आलो." त्याला चौघांनी घरी आणलं. मी जिन्यात धावले होते आणि "अहो, अहो" एवढंच ओरडत होते. नऊ वर्षं तो शब्द त्या जिन्यातच राहिलेला होता.

तीस मिनिटं झाली. मी उठले. हाक मारायची होती, पण कोणता शब्द ओरडायचा? इथे आपटायला भांडं नव्हतं, बघायला भिंत होती पण ती दोनशे हात उंच. मला आठवतं, एक क्षणभर मी खरोखर तोंड उघडून नुसती उभी होते. आणि मग ओरडले,

"माधव!"

आयुष्यात मी कुठल्याही नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती. तो आवाज समोरच्या कड्यावर गेला आणि तुकडे होऊन परत आला. धव... धव... त्यानंतर पुन्हा शांत झालं. मी आणखी एकदा ओरडले, मग आणखी एकदा. उत्तर नाही. मग मी विचार करायचं सोडून दिलं आणि त्या खडकांवर चढले. हाताची साल निघाली, ओढणी काट्यात अडकून टर्रकन फाटली. पलीकडे, दोन दगडांच्या बेचक्यात माधव बसलेले होते. उजवा पाय फटीतून नुकता सोडवलेला, घोटा टम्म सुजलेला, चष्म्याची एक काच तडकलेली. जिवंत होते, शुद्धीत होते, आणि माझ्याकडे बघून लाजल्यासारखे हसत होते.

"ऐकू नाही आलं का तुम्हाला?" मी धापा टाकत विचारलं.

"आलं ना. पहिल्याच हाकेला आलं."

"मग ओ का नाही दिलीत?"

ते खाली बघत म्हणाले, "पुन्हा मारता का, ते ऐकत होतो."

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. माणूस आहात का कोण आहात, इथपासून सुरुवात केली. अनंतची कोथिंबीर सांगितली, जिना सांगितला, पाच मिनिटं म्हणजे माझ्या आयुष्यात काय असतात ते सांगितलं. आठ महिन्यांत मी त्या घरात आवाज चढवला नव्हता. तो सगळा तिथे, पेन्नेच्या काठावर चढवला, आणि घळीची भिंत माझं प्रत्येक वाक्य दुसऱ्यांदा त्यांना ऐकवत होती. शेवटी मी रडले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मला ते ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "चुकलो. फार चुकलो." मग जवळचा एक खडा उचलून म्हणाले, "आई गेल्यापासून मला नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही. कचेरीत साहेब, गल्लीत देशपांडेसाब. वसुधाही अहोच म्हणायची. एकदम 'माधव' असं ऐकलं आणि... मूर्खपणाच केला."

मी फाटलेली ओढणी पाण्यात भिजवून त्यांच्या घोट्याला घट्ट गुंडाळली. पहिल्यांदाच मी त्यांचा पाय हातात धरला होता. आणि भांडणाने मोकळी झालेली जीभ थांबेना, म्हणून मी तेही सांगून टाकलं. डिसेंबर, भाडेकरू, एजंट, सगळं.

ते शांतपणे म्हणाले, "माहीत आहे. त्या एजंटाने घरच्या फोनवर निरोप ठेवला होता. महिना झाला."

"महिना? आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? जाऊ नका म्हणायला मला तोंड कुठे होतं? घरात आणलं आणि तुम्हाला वाचनालयातल्याइतकंही बोलतं ठेवता आलं नाही." त्यांनी तडकलेला चष्मा पुसला. "एकदा पुठ्ठे घालताना तुम्ही म्हणाला होतात, तीस वर्षं फळ्यावर घळ काढते पण पाहिली कधीच नाही. वाटलं, जाण्याआधी एवढं तरी दाखवावं."

मला अडवण्यासाठी नव्हे, निरोप देण्यासाठी त्या माणसाने चप्पल चोरून बूट आणले होते. नदी आमच्या पुढून तशीच चालली होती. मी त्यांच्या शेजारी बसले. दशम्यांचा डबा उघडला आणि आम्ही दोघांनी त्या खाल्ल्या. चटणीत तिखट जरा जास्त झालं होतं. ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आठ महिने माझा तिखट हात ते मुकाट्याने सोसत होते.

वर चढायला चार तास लागले. ते दगडावर बसायचे, दोन्ही हातांनी स्वतःला मागे उचलून वरच्या दगडावर टेकवायचे, डावा पाय रेटायचा, उजवा अधांतरी. मी वर जाऊन जागा बघायची आणि सांगायची, "डावा हात इकडे. नाही, तो दगड हलतोय. आता बसा. आता श्वास घ्या." प्रत्येक सूचनेला ते म्हणायचे, "हो बाई." घामाने डोळे चुरचुरत होते, तळहात सोलले होते, आणि तरी अधूनमधून आम्हाला हसू फुटत होतं. शेवटच्या टप्प्यावर त्या टपरीवालीने आम्हाला पाहिलं. ती आणि तिचा नवरा खाली आले, त्यांनी माधवना दोन बाजूंनी धरलं. पुढचा सगळा वेळ ती तेलुगूतून आम्हाला रागावत होती. मला ते फार बरं वाटलं.

माणसं विचारतात, उतारवयातल्या लग्नात काय असतं? सोबत असते, असं उत्तर द्यायची रीत आहे. पण सोबत तर वाचनालयातही होती. मला वाटतं, ज्याच्यावर ओरडता येतं, असं कुणीतरी लागतं. आता आमच्या घरात आवाज असतो. नकाशे पसरलेले असतात, आणि कोणती नदी कुठे वळते ह्यावरून वाद होतात. जिऱ्याच्या डब्यावरची चिठ्ठी निघून पडली, तेव्हा माधवनीच ती डिंकाने पुन्हा लावली आणि खालच्या रिकाम्या डब्यासाठी माझ्याकडून माझ्या अक्षरात एक नवी लिहून घेतली. हिमायतनगरच्या फ्लॅटमध्ये त्या जानेवारीत एक तरुण जोडपं राहायला आलं. घोटा बरा झाला, पण थंडीत दुखतो, आणि दुखतो तेव्हा ते सांगतात.

त्या रविवारी दुपारी गाडी चालवणं त्यांना शक्य नव्हतं. टपरीवालीच्या नवऱ्याने खालच्या गावातून एक ड्रायव्हर बोलावून दिला. पन्नाशीचा, दाढीवाला, बोलका. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही गाडीत मागे, शेजारी शेजारी बसलो. पाय वर हवा होता. माधव तो कुठे ठेवावा म्हणून चुळबुळत होते, म्हणून मी तो उचलून माझ्या मांडीवर घेतला. "अहो, पाय लागेल," ते म्हणाले. मी म्हटलं, "लागू दे."

ड्रायव्हर आरशातून हे सगळं बघत होता. कर्नूलच्या अलीकडे त्याने न राहवून विचारलं, "अंकल, बुरा नक्को मानो, शादी को कित्ते सालां हुए?"

मी माधवकडे पाहिलं. आठ महिने असं सांगावं का, मला कळेना. ते खिडकीबाहेर बघत होते. ओठ हलत होते, बोटांवर काहीतरी मोजत होते. मग त्यांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "तुमची आणि अनंतरावांची किती?"

"बावीस."

"आमची सव्वीस." ते पुढे झुकले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "अठ्ठेचाळीस. सब मिला के."

"माशाल्ला," तो म्हणाला, "लगते नै."

आम्ही त्याला काही दुरुस्त केलं नाही. खोटं कुणीच बोललं नव्हतं.